रोकड आणि पत : बँकांवरील अरिष्टांविषयींचा अर्थविचार

बँकेचा व्यवहार कशावर उभा असतो असें एखाद्या व्यवहारज्ञ गृहस्थास विचारलें, तर तो ‘पैशावर’ असें उत्तर देईल. हें उत्तर अर्धेंच खरें आहे. बँकेचा व्यवहार पैशानें चालतो, पण तो टिकतो भरंवशावर. ठेवीदार आपली शिल्लक बँकेंत ठेवतो ती मागतांक्षणींच परत मिळेल या भरंवशावर. आणि बँक तीच रक्कम गिरणीवाल्यास, व्यापाऱ्यास अगर घर बांधणाऱ्यास महिन्यांच्या किंवा वर्षांच्या मुदतीनें देते ती सगळे ठेवीदार एकाच दिवशीं दाराशीं येणार नाहींत या भरंवशावर. हे दोन भरंवसे एकमेकांस टेकून उभे असतात. एक ढळला कीं दुसराहि ढळतो. वर्षानुवर्षें नांवाजलेली बँक आठवड्याभरांत बंद पडल्याचीं उदाहरणें गेल्या अडीचशें वर्षांच्या इतिहासांत जागोजाग आढळतात. असें कां व्हावें, आणि झालें असतां उपाय कोणीं, केव्हां व कितपत करावा, या प्रश्नांचा अर्थशास्त्रज्ञांनीं जो विचार केला, तो निवांत अभ्यासिकेंत बसून केलेला नाहीं. त्याचें जवळजवळ प्रत्येक पाऊल एखाद्या अरिष्टानंतर पडलेलें आहे, आणि त्याचें मोल ज्यांचा कांहींएक अपराध नव्हता अशा असंख्य कुटुंबांनीं भरलेलें आहे.

प्रथम एक भेद लक्षांत घेतला पाहिजे. एका शेतकऱ्यापाशीं पन्नास एकर बागाईत जमीन आहे, पण आज संध्याकाळीं चुकतें करावयाचें देणें भागविण्यास घरांत रोकड नाहीं. हा मनुष्य अडचणींत आहे, पण बुडालेला नाहीं. दुसऱ्यापाशीं आजच्यापुरती रोकड आहे, पण त्याचें एकंदर देणें त्याच्या साऱ्या मालमत्तेहून अधिक आहे. हा आजचा दिवस निभावून नेईल, परंतु वस्तुतः तो बुडालेलाच आहे. पहिल्याची ती रोकडटंचाई, दुसऱ्याची ती नादारी. बँकांच्या बाबतींत हा भेद सांगावयास सोपा आणि ओळखावयास फार कठीण असतो. कारण घबराटीच्या दिवशीं पहिला शेतकरीहि जमीन विकावयास निघतो. विकणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे असल्यामुळें भाव कोसळतो. आणि सकाळीं जो केवळ अडचणींत होता तो मावळतीपर्यंत खरोखरच नादार ठरतो. बँकांच्या अरिष्टांविषयींच्या अर्थविचाराचा इतिहास म्हणजे बहुतांशीं या एका भेदाशीं चाललेल्या झुंजीचा इतिहास होय.

अठराव्या शतकांत या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टि निराळी होती. १७७२ सालीं लंडनमधील एक सावकार पळून गेला आणि त्या धक्क्यानें स्कॉटलंडांतील एअर गांवची डग्लस, हेरॉन आणि कंपनी ही मोठी पेढी बंद पडली. तिच्या भागीदारांत बडे बडे जमीनदार होते. भागीदारांची जबाबदारी अमर्याद असल्यामुळें त्यांच्या इस्टेटींवर गदा आली. अॅडम स्मिथनें हें अरिष्ट जवळून पाहिलें आणि १७७६ सालच्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथांत त्याची चिकित्सा केली. त्याच्या मतें, प्रत्यक्ष मालाच्या खरेदीविक्रींतून निघालेल्या, अल्प मुदतीच्या हुंड्या वटविणें हेंच बँकेचें खरें काम. जमिनी, खाणी, इमारती यांसारख्या सावकाश फळणाऱ्या कामांत तिनें ठेवीदारांचा पैसा गुंतवूं नये. माल विकला गेला कीं हुंडी भरली जाते आणि रोकड आपोआप तिजोरींत परत येते. तात्पर्य, अरिष्टाचें बीज बँकेच्या अविवेकांत असतें. विवेकी बँकेस भय नाहीं.

हा उपदेश सुज्ञपणाचा होता, पण त्यांत एक उणीव होती. तो एकट्यादुकट्या बँकेस लागू पडतो. सर्व बँकांवर एकदम संकट आलें असतां लागू पडत नाहीं. हुंडी भरणारा व्यापारी तरी पैसा कोठून आणतो? त्याचा गिऱ्हाईक दुसऱ्या बँकेच्या उधारीवर माल घेत असतो. सर्वच बँकांनीं एकाच वेळीं हात आखडला, तर अस्सल मालावरची हुंडीहि मुदतीस भरली जात नाहीं. ही गोष्ट ज्यानें प्रथम नीट उलगडून दाखविली तो हेन्री थॉर्नटन हा लंडनमधील एका पेढीचा भागीदार, पार्लमेंटचा सभासद आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडणाऱ्या विल्बरफोर्सचा निकटचा सहकारी होता.

फेब्रुवारी १७९७ मध्यें फ्रेंचांची एक लहानशी तुकडी वेल्सच्या किनाऱ्यावर उतरली. स्वारीच्या भीतीनें इंग्लंडांतील लोक नोटा देऊन सोनें मागूं लागले. बँक ऑफ इंग्लंडच्या तिजोरींतील सोनें झपाट्यानें आटलें, आणि सरकारनें हुकूम काढून नोटांच्या बदल्यांत सोनें देणें बंद केलें. तें पूर्ववत् सुरू व्हावयास १८२१ साल उजाडलें. या अरिष्टांत सोनें वाचविण्यासाठीं बँकेनें आपलें कर्जवाटप आणि नोटा कमी केल्या होत्या. १८०२ सालीं प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधील कागदी चलनाविषयींच्या ग्रंथांत थॉर्नटननें दाखवून दिलें कीं, हा उपाय रोगाहून वाईट होता. लंडनमधील साऱ्या पेढ्यांचीं देणींघेणीं त्याच नोटांनीं फिटत होतीं. नोटा कमी होतांच व्यापाऱ्यांस देणें भागविणें अशक्य झालें. एक थांबल्यामुळें दुसरा थांबला. अविश्वास वाढला आणि सोन्याची मागणी उलट अधिकच बळावली. सोनें परदेशीं जात असेल तर बँकेनें आवरतें घ्यावें. पण तें घबराटीमुळें देशांतल्या देशांत लोकांच्या पेट्यांत जाऊन बसत असेल, तर बँकेनें हात मोकळा सोडला पाहिजे, असें त्याचें प्रतिपादन होतें. त्याच ग्रंथांत त्यानें दुसरीहि एक सूचना देऊन ठेविली. मदत बाजारास द्यावी. ज्यांनीं स्वतःच्या बेपर्वाईनें पेढी बुडविली त्या प्रत्येकास तगविण्याची हमी बँकेनें घेऊं नये, नाहींतर बेपर्वाईसच उत्तेजन मिळेल. पुढील दोन शतकांतील वादाचीं दोन्हीं टोकें या एका ग्रंथांत सांपडतात.

फ्रान्सिस बेअरिंग यानें १७९७ सालींच एका पुस्तिकेंत बँक ऑफ इंग्लंडला ‘शेवटचा आधार’ अशा अर्थाचा फ्रेंच शब्दप्रयोग लावला होता. तो शब्द पुढें रूढ झाला, पण त्यामागील कर्तव्य बँकेच्या संचालकांस मान्य होण्यास फार काळ लागला. डिसेंबर १८२५ मध्यें दक्षिण अमेरिकेच्या कर्जरोख्यांतील आणि खाणींतील सट्ट्याचा फुगा फुटला आणि इंग्लंडांतील साठांहून अधिक बँकांचे व्यवहार बंद पडले. त्यांत थॉर्नटनची स्वतःची पेढीहि होती. थॉर्नटनला जाऊन दहा वर्षें झालीं होतीं आणि भागीदार म्हणून त्याचा तरुण मुलगा तेथें बसत होता. बँक ऑफ इंग्लंडनें प्रथम हात आखडला. मग प्रकरण हाताबाहेर जात आहे असें दिसतांच धोरण फिरविलें आणि मिळेल त्या तारणावर कर्जें दिलीं. सोन्याची तिजोरी जवळजवळ रिकामी झाली, पण घबराट ओसरली. थॉर्नटनचा सिद्धांत कोणीं वाचला असो वा नसो, गरजेनें तो आचरणांत आणावयास लाविला.

तथापि, या अनुभवांतून कायदा करणाऱ्यांनीं निराळाच धडा घेतला. अरिष्टें येतात तीं नोटा वाटेल तशा छापल्यामुळें, म्हणून नोटांस सोन्याच्या दावणीला बांधावें, असें एका पक्षाचें म्हणणें होतें. लॉर्ड ओव्हरस्टोन हा त्याचा अध्वर्यु. याच मतानुसार १८४४ सालीं पील यानें कायदा करून घेतला. १ कोट ४० लक्ष पौंडांपर्यंतच्या नोटा सरकारी रोख्यांच्या आधारावर. त्यापुढील प्रत्येक नोटेमागें तितकें धातुद्रव्य तिजोरींत पाहिजे, असा त्यांतील दंडक होता. टूक आणि फुलार्टन हे प्रतिपक्षाचे अर्थशास्त्रज्ञ म्हणत कीं, उधारीचा पसारा केवळ नोटांवर चालत नाहीं. हुंड्या आणि ठेवी यांवरहि तो वाढतो. नोटांस लगाम घालून सट्टा थांबणार नाहीं. मात्र घबराटीच्या दिवशीं मदत करूं शकणाऱ्या एकमेव बँकेचे हात बांधले जातील.

हा वाद तर्कानें मिटला नाहीं. तो तीन अरिष्टांनीं मिटविला. कायदा होऊन पुरतीं चार वर्षेंहि लोटलीं नाहींत तोंच १८४७ सालचें अरिष्ट आलें. २५ ऑक्टोबर रोजीं सरकारनें बँकेस पत्र पाठवून, जरूर तर मर्यादा ओलांडावी, त्याबद्दल संरक्षण देऊं, असें कळविलें. पत्र जाहीर होतांच पैशाची मागणी एकाएकीं ओसरली. मर्यादा ओलांडण्याचा प्रसंगच आला नाहीं. १८५७ सालीं ती प्रत्यक्ष ओलांडावी लागली. १८६६ सालीं पुन्हां नुसत्या पत्रानेंच काम भागलें. यावरून एक विलक्षण गोष्ट सिद्ध झाली. नोटा मिळणार नाहींत अशी भीति होती म्हणून प्रत्येकजण नोटा मागत होता. त्या मिळतील असें कळतांच कोणालाच त्या नकोशा झाल्या. लोकांस रोकड हवी नव्हती, रोकड मिळेल ही खात्री हवी होती.

यांपैकीं १८६६ सालचें अरिष्ट सर्वांत प्रसिद्ध आहे. ओव्हरेंड, गर्नी आणि कंपनी ही हुंड्या वटविणारी पेढी लंडनच्या नाणेबाजारांत बँक ऑफ इंग्लंडच्या खालोखाल मानली जात होती. पण नव्या चालकांनीं तिचा पैसा जहाजें, रेल्वे अशा दीर्घ मुदतीच्या व्यवहारांत अडकविला. १८६५ सालीं तिला मर्यादित कंपनीचें रूप देऊन लोकांस भाग विकण्यांत आले. पेढीनें मदत मागितली तेव्हां बँक ऑफ इंग्लंडनें तिची स्थिति तपासून नकार दिला, आणि गुरुवार, १० मे १८६६ रोजीं सुमारें १ कोट १० लक्ष पौंडांचें देणें ठेवून पेढीचीं दारें बंद झालीं. दुसऱ्या दिवशीं लंडनमध्यें हलकल्लोळ उडाला. परंतु ज्या बँकेनें एका पेढीस नकार दिला, तिनेंच त्या एका शुक्रवारीं इतर सर्वांस मिळून ४० लक्ष पौंडांहून अधिक कर्ज दिलें. व्याजाचा दर शेंकडा १० वर गेला आणि तो तीन महिने तसाच राहिला. नादारास नकार आणि बाकीच्यांस सढळ हात, हें थॉर्नटननें सांगितलेलें धोरण इतक्या स्पष्टपणें पूर्वीं कधींच अमलांत आलें नव्हतें.

त्याच सुमारास मुंबईनें या भेदाच्या दोन्हीं बाजू पाहिल्या. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि हिंदी कापसाचे भाव गगनास भिडले. मुंबईंत पैशाचा पूर आला. बॅक बे भरून काढण्याच्या योजनेचे आणि नव्या नव्या बँकांचे भाग वाटेल त्या भावास विकले जाऊं लागले. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बाजार हलत असे. १८४० सालीं स्थापन झालेली बँक ऑफ बाँबे ही सरकारचें अंग असलेली बँक. पण १८६३ सालच्या कायद्यानें तिच्यावरील पूर्वींचीं बंधनें सैल झालीं आणि तिनें याच भागांच्या तारणावर मोठमोठीं कर्जें दिलीं. १८६५ च्या वसंतांत युद्ध संपलें, कापूस उतरला, आणि १ जुलैच्या वायद्यांचा भरणा होण्याचा दिवस उजाडला तेव्हां भाग घेणारा कोणी उरला नाहीं. बँकेचें दुखणें रोकडीचें नव्हतें. तारणच कागदाच्या मोलाचें झालें होतें. १८६८ सालीं ती बँक गुंडाळावी लागली आणि तिच्या जागीं नवी बँक निघाली. याच्या उलट, हिंदुस्थानाशीं मोठा व्यवहार असलेल्या आग्रा अँड मास्टरमन्स बँकेनें ओव्हरेंडच्या पडझडींत जून १८६६ मध्यें देवघेव थांबविली. पण ती पुढील वर्षीं नव्या व्यवस्थेखालीं पुन्हां उघडूं शकली. बंद दारासमोर उभ्या असलेल्या ठेवीदारास मात्र दोन्हीं दारें सारखींच दिसत होतीं.

या साऱ्या अनुभवांचा ग्रंथ वॉल्टर बॅजट यानें १८७३ सालीं ‘लोंबार्ड स्ट्रीट’ या नांवानें लिहिला. बॅजट हा सावकारी करणाऱ्या घराण्यांतील. १८६१ पासून ‘इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाचा संपादक. त्याच्या म्हणण्याचें सार असें : इंग्लंडांतील साऱ्या बँका आपली जास्तीची रोकड बँक ऑफ इंग्लंडकडे ठेवतात, अर्थात् देशाची अखेरची गंगाजळी एकाच तिजोरींत आहे. ही व्यवस्था चांगली असो वा वाईट, ती आहे. आणि म्हणून त्या बँकेवर राष्ट्राची जबाबदारी येते. घबराटीच्या वेळीं तिनें एरवीं उत्तम समजल्या जाणाऱ्या तारणावर, मागेल त्यास, सढळपणें कर्ज द्यावें. पण व्याज चढें ठेवावें, म्हणजे ज्यास खरी गरज नाहीं तो मागावयास येणार नाहीं आणि घबराट सरतांच घेतलेला पैसा परत येईल. त्याहूनहि महत्त्वाची गोष्ट ही कीं, आपण असें करणार हें बँकेनें आधींच स्पष्ट बोलून दाखवावें. कारण १८४७ च्या पत्रानें जें सिद्ध केलें तें हेंच कीं, मदतीच्या खात्रीनें मदतीची गरज कमी होते.

बॅजटच्या या मतास त्याच्या काळींच जोराचा विरोध झाला. बँक ऑफ इंग्लंडचा एक जुना संचालक टॉमसन हँकी याचें म्हणणें असें कीं, शेवटीं कोणीतरी तारणार आहे हें एकदां कळलें म्हणजे कोणतीहि बँक स्वतःची गंगाजळी राखणार नाहीं. फायदा झाला तर भागीदारांचा आणि तोटा आला तर राष्ट्राचा, असा प्रकार होईल. हँकीचा इशारा पुढें मागें पडला, पण तो खोटा ठरला नाहीं. ज्या ज्या देशानें बॅजटचा उपाय स्वीकारला, त्यास बँकांवर देखरेख ठेवण्याची यंत्रणाहि उभारावी लागली.

मध्यवर्ती बँकच नसेल तर काय होतें हें अमेरिकेनें दाखविलें. ऑक्टोबर १९०७ मध्यें न्यू यॉर्कमध्यें घबराट उडाली तेव्हां जे. पी. मॉर्गन या एका सावकारानें इतर बँकवाल्यांस एकत्र बसवून पैसा उभा केला. राष्ट्राचें भवितव्य एका वृद्ध खाजगी गृहस्थावर अवलंबून असावें हें अनेकांस लज्जास्पद वाटलें आणि १९१३ सालीं फेडरल रिझर्व्हचा कायदा झाला. पण मध्यवर्ती बँक असूनहि तिनें हात आखडला तर काय होतें, हेंहि अमेरिकेनेंच दाखविलें. १९३० ते १९३३ या काळांत तेथील सुमारें ९,००० बँका बंद पडल्या. मिल्टन फ्रीडमन आणि अॅना श्वार्ट्झ यांनीं १९६३ सालच्या आपल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, त्या काळांत देशांतील पैशाचा पुरवठा सुमारें एक-तृतीयांश घटला. फेडरल रिझर्व्हपाशीं उपाय होता, पण तिनें तो योजिला नाहीं. बेन बर्नांकी यांनीं १९८३ सालीं त्यास आणखी एक पैलू जोडला. बँक बुडते तेव्हां केवळ ठेवी बुडत नाहींत. कोणता कर्जदार सचोटीचा आणि कोणता धंदा भरंवशाचा, हें वर्षानुवर्षांच्या परिचयानें मिळविलेलें ज्ञानहि तिच्याबरोबर नाहींसें होतें. आणि म्हणून चांगल्या कारखानदारासहि मग कोणी कर्ज देत नाहीं.

हिंदुस्थानांत हा धडा १९१३ सालीं मिळाला. स्वदेशीच्या चळवळींतून अनेक नव्या बँका निघाल्या होत्या, आणि त्यांतील कित्येकांपाशीं ठेवींच्या मानानें रोकड अगदींच तुटपुंजी होती. जॉन मेनार्ड केन्स यानें त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या हिंदी चलनावरील पुस्तकांत असें भाकीत केलें कीं, वाईट दिवस येतांच या बँका भराभर कोसळतील. तें थोड्याच महिन्यांत खरें ठरलें. सप्टेंबरमध्यें लाहोरची पीपल्स बँक आणि त्यामागोमाग चांदीच्या सट्ट्यांत गुंतलेली मुंबईची इंडियन स्पेसी बँक बंद पडली. पुढें अशा बँकांची रांगच लागली. रिझर्व्ह बँक स्थापन झाली ती १ एप्रिल १९३५ रोजीं. १९६० सालीं पालाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या, तेव्हां लहान ठेवीदारांच्या हालांकडे सर्वांचें लक्ष गेलें आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. आरंभीं त्याची मर्यादा दर ठेवीदारास १,५०० रुपये होती. २०२० सालीं ती ५ लक्ष रुपयांवर नेण्यांत आली. त्या आधींच्याच वर्षीं पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि पहिले कांहीं दिवस ठेवीदारांस खात्यांतून १,००० रुपयेच काढतां येत होते. कर्जांचा फार मोठा भाग एकाच बांधकाम-उद्योगसमूहाकडे गेला होता. मुंबईंतील पेन्शनर, दुकानदार आणि सहकारी गृहसंस्था यांस रोकडटंचाई आणि नादारी यांतील भेद तेव्हां पुस्तकावांचून समजला.

ठेवींचा विमा व्यवहारांत आधीं आला. त्याची पूर्ण उपपत्ति मागून आली. अमेरिकेंत तो १९३४ पासूनच चालूं झाला होता. १९८३ सालीं डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांनीं एका निबंधांत त्याचें मर्म गणिताच्या भाषेंत मांडलें. पूर्वींचे बहुतेक लेखक ठेवीदारांच्या धांवपळीस गर्दीचें वेड म्हणत. या दोघांनीं दाखविलें कीं, त्यांत वेडेपणा मुळींच असावा लागत नाहीं. बँक पैसे देते ती आल्या क्रमानें. पहिल्यास पूर्ण मिळतात, शेवटल्यास कांहींच नाहीं. म्हणून बँक उत्तम आहे हें जाणणाऱ्या ठेवीदारानेंहि, इतर लोक धांवणार असें वाटत असेल तर, धांवणेंच शहाणपणाचें ठरतें. सगळे शांत राहिले तर शांत राहणें प्रत्येकाच्या हिताचें; सगळे धांवले तर धांवणें प्रत्येकाच्या हिताचें. एकच बँक, तेच हिशेब, आणि दोन संभाव्य शेवट! ठेवीदारांस धीर धरण्याचा उपदेश करून येथें भागत नाहीं. शेवटीं आलेल्यासहि पैसे मिळतील अशी व्यवस्थाच असावी लागते. विमा ही ती व्यवस्था. या कार्याबद्दल या दोघांस बर्नांकींबरोबर २०२२ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

एवढा विचार झाल्यावर अरिष्टें थांबलीं असें मात्र नाहीं. सप्टेंबर २००७ मध्यें इंग्लंडांत नॉर्दर्न रॉक या बँकेपुढें ठेवीदारांच्या रांगा लागल्या. १८६६ नंतर तेथें असें दृश्य प्रथमच दिसलें असें म्हणतात. या बँकेची भिस्त ठेवींपेक्षां बाजारांतील उसनवारीवर अधिक होती. विम्याची तेव्हांची रचना अशी कीं, पहिले २,००० पौंड पूर्ण आणि त्यापुढील ३३,००० पौंडांपैकीं शेंकडा ९० एवढेंच सुरक्षित. आपल्या पैशाचा दहावा हिस्सा कां गमवावा, हा विचार रांगेंतील प्रत्येकानें केला, आणि तो चूक नव्हता. सरकारनें सर्व ठेवींची हमी जाहीर केली तेव्हां रांगा ओसरल्या. मार्च २०२३ मध्यें अमेरिकेंतील सिलिकॉन व्हॅली बँकेवर जी धाड आली तींत रांगहि दिसली नाहीं. तारेवरून, घरबसल्या, ९ मार्चच्या एका दिवसांत ४,२०० कोटी डॉलर काढले गेले आणि दुसऱ्या दिवशीं बँक बंद झाली. तिच्या ठेवींचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग विम्याच्या मर्यादेबाहेर होता. शिवाय तिची गुंतवणूक मुख्यतः सरकारी आणि तत्सम सुरक्षित रोख्यांतच होती. बुडीत कर्जांनीं ती पडली नाहीं. व्याजाचे दर चढल्यानें त्या रोख्यांचे भाव उतरले होते. ठेवीदार शांत बसते तर मुदत भरल्यावर रोख्यांची पूर्ण रक्कम मिळाली असती. ते उठले म्हणून तोटा आजच पदरीं आला. त्यानंतर फेडरल रिझर्व्हनें अशा रोख्यांवर बाजारभावाप्रमाणें नव्हे, तर दर्शनी किंमतीप्रमाणें कर्ज देण्याची योजना काढली. बॅजटच्या चांगल्या तारणाच्या अटीचा हा अर्थ त्यास स्वतःस मान्य झाला असता किंवा नाहीं, यावर अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

तेव्हां या इतिहासाचा निष्कर्ष काय? कांहीं गोष्टी आतां वादातीत झाल्या आहेत. घबराटींत पैसा आखडणें घातक आहे, हें थॉर्नटननें सांगितलें आणि प्रत्येक अरिष्टानें पुन्हां पटविलें. मदतीची आगाऊ खात्री ही मदतीहून स्वस्त पडते, हें बॅजटनें सांगितलें. ठेवीदारांचें भय मूर्खपणाचें नसतें, म्हणून त्यावर उपदेशाऐवजीं व्यवस्था हवी, हें विसाव्या शतकानें शिकविलें. परंतु मूळचा कठीण प्रश्न अजून तसाच आहे. समोरची बँक केवळ रोकडीला मोताद झाली आहे कीं आंतून पोखरली आहे, याचा निवाडा शांतपणें करावयास महिने लागतात, आणि घबराट तो कांहीं तासांत मागते. निवाडा सैल झाला तर हँकीचें भाकीत खरें होतें आणि बेपर्वा चालकांचा तोटा समाज भरतो. तो फार कडक झाला तर सुदृढ बँकाहि पडतात, आणि शिल्लक नसलेल्या घरांत अन्न, शाळेची फी, औषधपाणी यांची पंचाईत होते.

यास्तव निवाड्याची तयारी अरिष्टापूर्वीं, सुबत्तेच्या दिवसांतच झाली पाहिजे. बँकेचे हिशेब खरे आहेत कीं नाहींत, कर्जें एकाच हातीं एकवटलीं आहेत काय, अल्प मुदतीचा पैसा दीर्घ मुदतींत किती अडकला आहे, ठेवींचा किती भाग विम्याच्या छत्राबाहेर आहे, हे प्रश्न शांत काळीं कंटाळवाणे वाटतात आणि त्यांकडे लक्ष देणाऱ्यांची वाहवा कोणी करीत नाहीं. तथापि ओव्हरेंडची पेढी, मुंबईची जुनी बँक आणि त्यांच्यामागून गेलेल्या कितीतरी बँका दारें बंद होण्याच्या दिवशीं बुडाल्या नव्हत्या. त्या बऱ्याच आधीं, सर्व कांहीं सुरळीत दिसत असतांना, बुडाल्या होत्या. ठेवीदारास तें शेवटीं कळलें. तें त्याला आणि त्याच्या वतीनें देखरेख करणाऱ्यांना आधीं कळावें, एवढ्यासाठींच हा अडीचशें वर्षांचा विचार आहे.